पिशवी कोणाच्या खांद्यावर? गोल्फचे विनोदी चित्रपट आणि वर्गभेद : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील क्रीडापटांवरच्या टिपणात गोल्फच्या विनोदी चित्रपटांचा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि बहुतेकांचा रोख एकच होता : या चित्रपटांतील श्रीमंत-गरीब संघर्ष खरा किती आणि सोयीपुरता किती? त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ‘कॅडीशॅक’ (१९८०) आणि ‘हॅपी गिलमोर’ (१९९६) हे दोन्ही चित्रपट तालेवारांच्या क्लबात शिरलेल्या सामान्य माणसाची गोष्ट सांगतात, असे म्हटले जाते. मला मात्र पहिल्यात एका अख्ख्या वर्गाची टर उडवलेली दिसली आणि दुसऱ्यात केवळ एका दुष्ट माणसाची. हा फरक खरा आहे की माझ्या पाहण्यातला? — एक वाचक, नाशिक

उत्तर : फरक खरा आहे आणि तो तुम्ही मांडला आहे त्याहून खोल आहे. गोल्फवरच्या विनोदी चित्रपटाला वर्गाविषयी काय म्हणायचे आहे, हे नायकाच्या जयपराजयावरून कळत नाही, कारण असल्या चित्रपटात तो बहुधा जिंकतोच. पाहावे ते खेळाडूच्या काठ्यांच्या पिशवीकडे : ती कोणाच्या खांद्यावर आहे, तिचा मोबदला कोण ठरवतो, आणि शेवट येईपर्यंत ती वाहणाऱ्याला पडद्यावर जागा उरते की नाही.

‘कॅडीशॅक’चे मूळच पिशवी वाहणाऱ्यांच्या अनुभवात आहे. पटकथाकारांपैकी ब्रायन डॉयल-मरे हे इलिनॉय राज्यातील एका नऊ भावंडांच्या आयरिश कॅथलिक कुटुंबातले, आणि पोरवयात त्यांनी विनेट्का येथील इंडियन हिल क्लबमध्ये कॅडीचे, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहण्याचे, काम केले होते. हॅरोल्ड रॅमिस आणि डग्लस केनी यांच्यासह त्यांनी जी कथा रचली, तिचा नायक डॅनी नूनन हा त्यांच्यासारखाच मोठ्या खटल्याच्या घरातला, कॉलेजची फी परवडत नसलेला कॅडी आहे. बुशवूड क्लब दरवर्षी एका कॅडीला शिष्यवृत्ती देतो आणि ती कोणाला द्यायची हे न्यायाधीश स्मेल्स यांच्या मर्जीवर अवलंबून असते. ही शिष्यवृत्ती लेखकांची कल्पना नव्हे. चिक इव्हान्स या हौशी खेळाडूच्या पुढाकाराने १९३० पासून वेस्टर्न गोल्फ असोसिएशनमार्फत कॅडींना अशी शिष्यवृत्ती खरोखरच दिली जाते, आणि तिच्या जोरावर अनेक मुले पदवीधर झाली आहेत. चित्रपटाने या उपकाराची दुसरी बाजू दाखवली आहे. पैसे नसल्यामुळे आपले शिक्षण बहुधा होणार नाही, असे डॅनी मोठ्या अजिजीने सुचवतो, तेव्हा न्यायाधीशमहाराज शांतपणे उत्तरतात की जगाला खड्डे खणणाऱ्यांचीही गरज असतेच. दुष्टपणा करण्याचा त्यांचा हेतूही नसतो. त्यांच्या लेखी ती जगाची रीत असते, म्हणूनच ते वाक्य जिव्हारी लागते.

वर्गाचे सर्वांत बोचरे चित्रण जेथे कथानक क्षणभर थांबते तेथे आहे. पोहण्याच्या तलावाशी लावलेल्या सूचनेनुसार कॅडींना वर्षातून एक दिवस, दुपारी एक ते सव्वा एक, पाण्यात उतरण्याची मुभा मिळते. ती पंधरा मिनिटे सुरू होताच पोरे पाण्यात तुटून पडतात आणि सभासद मंडळी काठाकडे सरकतात. याहून उत्तम दृश्य कपडे बदलण्याच्या खोलीतले आहे. तेथे बुटांना पॉलिश करणारा पोर्टरहाउस नावाचा कृष्णवर्णीय नोकर आहे. स्मेल्स त्याच्या हाती आपले बूट सोपवून ते कसे घासावेत, कसल्या कातड्याने चमकवावेत आणि केव्हापर्यंत मिळावेत याची सविस्तर आज्ञा देतात, आणि मग त्याच्याच देखत शेजाऱ्याला ज्यू, कॅथलिक आणि काळ्या मुलावरचा एक विनोद सांगू लागतात. पोर्टरहाउस अवाक्षर काढत नाही. तो ते बूट फिरत्या चाकावर असे दाबून धरतो की त्यांच्यातून ठिणग्या उडतात. नोकराचा राग मालकाच्या वस्तूवर कसा निघतो, हे इतक्या थोडक्यात दाखवणारे दृश्य गंभीर म्हणवणाऱ्या चित्रपटांतही क्वचित सापडते.

मात्र येथूनच चित्रपटाचा तोल ढळतो, आणि ढळण्याची रीत मोठी बोलकी आहे. रॉडनी डेंजरफील्ड यांनी रंगवलेला अल झेरविक हा इमारती बांधणारा नवश्रीमंत क्लबात येतो, जुन्या मंडळींच्या टोपीपासून जेवणापर्यंत सगळ्याची खिल्ली उडवतो, आणि येथे सदनिका उभाराव्यात असे उघड बोलून दाखवतो. प्रेक्षक त्याच्या बाजूने हसतो, कारण स्मेल्स यांची मिजास तो एका वाक्यात उतरवतो. परंतु झेरविक कामगार नाही, तो भांडवलदारच आहे; फक्त त्याचे पैसे अलीकडचे आहेत. अखेरच्या पैजेच्या सामन्यात झेरविक जायबंदी झाल्याचे सांगून बाजूला होतो आणि त्याच्या जागी डॅनी खेळतो. स्मेल्स शिष्यवृत्ती काढून घेण्याची धमकी देतात, तर झेरविक भरपाईचे आश्वासन देतो. म्हणजे मुलगा एका धन्याच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात जातो, आणि या स्थलांतरालाच चित्रपट त्याची सुटका म्हणतो. चेंडू होलमध्ये, म्हणजे मैदानावरच्या खळग्यात, पडतो तोदेखील त्याच्या कौशल्याने नव्हे, तर जमिनीखाली बिळे करणाऱ्या एका प्राण्याला मारण्यासाठी मैदानाच्या देखभालीवरील नोकराने पेरलेल्या सुरुंगांच्या हादऱ्याने.

याचे एक कारण निर्मितीत सापडते. मूळ कथा कॅडी मुलांची होती. परंतु चेव्ही चेस, डेंजरफील्ड आणि बिल मरे यांनी चित्रीकरणात जागच्या जागी रचलेले विनोद इतके रंगले की मुलांची कथा मागे पडली, आणि सुटे पडलेले तुकडे सांधण्यासाठी बिळातल्या त्या प्राण्याची दृश्ये नंतर घालावी लागली. कॅडींवरच्या चित्रपटातून कॅडींनाच नामांकित नटांनी बाहेर ढकलावे, हा योगायोग क्लबाच्या रीतीला साजेसाच म्हणायचा. तरीही बिल मरे यांनी एक गोष्ट भरून काढली. त्यांचा कार्ल हा मैदानाची निगा राखणारा नोकर फुलांच्या ताटव्यापुढे उभा राहून हातातल्या अवजाराने एकेक फूल उडवतो आणि स्वतःच समालोचकाचा आवाज काढून सांगतो की कालपर्यंत गवत कापणारा हा माणूस आज मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकण्याच्या बेतात आहे. क्लबात राबणाऱ्याचे स्वप्नही क्लबाच्याच भाषेत पडते, हे त्या तात्काळ रचलेल्या भाषणात आपसूक आले आहे.

आता ‘हॅपी गिलमोर’. आरंभ पाहिला तर हा चित्रपट अधिक कडवा व्हायला हवा होता. कर थकल्यामुळे आईस हॉकीत जम न बसलेल्या हॅपी या नायकाच्या आजीचे घर सरकार जप्त करते; ते सोडवायचे तर २,७०,००० डॉलर हवेत. आजीची रवानगी ज्या वृद्धाश्रमात होते तेथला कर्मचारी म्हाताऱ्यांकडून गोधड्या शिवून घेतो, म्हणजे वृद्धाश्रमाच्या नावाखाली तेथे चक्क वेठबिगारीचा कारखाना चालतो. हॅपीला आपले कसब कळते ते सामान हलवायला आलेल्या मजुरांमुळे : काम टाकून ते अंगणात आजोबांच्या काठ्यांनी चेंडू मारत असतात, आणि त्यांना कामाला लावण्यासाठी हॅपी पैज मारून चेंडू चारशे यार्डांवर भिरकावतो. इतकी सामग्री हाती असताना पुढे मात्र व्यवस्था नाहीशी होते आणि शूटर मॅकगॅव्हिन हा प्रतिस्पर्धी खेळाडू एकटा खलनायक उरतो. घर जप्त करणारे सरकारी खाते कथेतून निघून जाते, लिलावात घर विकत घेणारा शूटर तेवढा लक्षात राहतो, आणि आपण तुमच्याप्रमाणेच म्हणतो की हा माणूस वाईट आहे.

हॅपीला स्पर्धांत टिकवून धरते कोण, हेही पाहण्यासारखे आहे. तो शिव्या देतो, काठ्या फेकतो, दूरचित्रवाणीवरील वयोवृद्ध सूत्रसंचालक बॉब बार्कर यांच्याशी मैदानातच हाणामारी करतो (आणि मार खातो). तरी संयोजक त्याला हाकलून देत नाहीत, कारण त्याच्यामुळे कधी गोल्फ न पाहणारी माणसे दूरचित्रवाणीसमोर बसू लागली आहेत. न्यायाने नव्हे, बाजाराने त्याला दार उघडले आहे, आणि घरासाठीच्या पैशांची सोयही एका सँडविच विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीतून होते. या बाबतीत १९८० चा चित्रपट आणि १९९६ चा चित्रपट एकाच वाटेने जातात : जुन्या पैशाला नवा पैसा हरवतो. फरक इतकाच, की पहिल्यात नव्या पैशाला झेरविकचा चेहरा आहे आणि दुसऱ्यात तो जाहिरातीच्या रूपाने येतो, म्हणून चटकन ओळखू येत नाही. पिशवीचे म्हणाल, तर हॅपीची पिशवी वाहतो ओट्टो नावाचा बेघर माणूस. तो हशा मिळवून देतो, त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची आठवण मात्र कोणाला राहत नाही.

एक गोष्ट मात्र या चित्रपटाच्या जमेस धरावी लागेल. आरडाओरडा करणाऱ्या नव्या प्रेक्षकांवर शूटर एकदा भडकतो आणि तुमच्या झोपड्यांत परत जा, असे त्यांना सुनावतो. सभ्यतेचा मुखवटा घसरण्याचा तो क्षण अचूक साधला आहे. मैदानावरच्या शांततेचा आग्रह खेळासाठी किती आणि माणसे वगळण्यासाठी किती, याचे उत्तर त्या एका वाक्यात मिळते.

प्रश्न : ‘टिन कप’मधील नायक शेवटच्या होलवर हट्टाला पेटून हातची स्पर्धा घालवतो. हा वर्गाचा प्रश्न कसा? हा तर निव्वळ अहंकार झाला. — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : अहंकार आहेच, आणि चित्रपट तो लपवत नाही. परंतु कोणाचा अहंकार परवडणारा असतो, हा प्रश्न वर्गाचाच आहे. रॉन शेल्टन यांच्या या १९९६ च्या चित्रपटात रॉय मॅकअव्हॉय हा पश्चिम टेक्सासमधील ओसाड गावात चेंडू मारण्याच्या सरावाचे एक मोडकळीस आलेले मैदान चालवतो, आणि त्याचा जुना सोबती डेव्हिड सिम्स हा नामांकित व्यावसायिक झाला आहे. सिम्स त्याला कामाला बोलावतो तो कॅडी म्हणून. त्या दृश्यात पाण्यापलीकडचा अवघड फटका सिम्स टाळतो. तो मारता येईल अशी पैज पिशवी वाहणारा रॉय घेतो, चेंडू पलीकडे पोचवून दाखवतो, आणि तेथल्या तेथे नोकरीवरून जातो. आपल्याला जमले नाही ते नोकराने चारचौघांत करून दाखवले की नोकरी जातेच. त्यासाठी गोल्फचे मैदानच लागते असे नाही.

शेल्टन यांनी कथेसाठी यूएस ओपन ही स्पर्धा निवडली, हेही जाणीवपूर्वक. मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा आहे. यूएस ओपनमध्ये मात्र पात्रता फेऱ्या पार करणाऱ्या कोणालाही, व्यावसायिक असो की ठरावीक दर्जाचा हौशी, उतरता येते. रॉयला लोकशाहीचे हे एवढे एकच दार उघडे आहे. अखेरच्या होलवर सुरक्षित खेळून स्पर्धा जिंकण्याऐवजी तो पुन्हा पुन्हा चेंडू पाण्यात घालवतो आणि बाराव्या फटक्याला, शेवटचा चेंडू हाती असताना, होल पुरा करतो. (व्यावसायिक खेळाडू गॅरी मॅकॉर्ड यांना मेम्फिस येथील स्पर्धेत एका होलवर १६ फटके लागले होते. ते या चित्रपटाचे सल्लागार होते, आणि ती प्रेरणा लपलेली नाही.) हिशेबी माणूस पुढे जातो आणि हिशेब न करणारा मागे राहतो, ही तक्रार प्रत्येक वर्गातला मागे पडलेला माणूस करतो, ‘टिन कप’ तिला गौरव मिळवून देतो. मला हा चित्रपट आवडतो, तरी त्यात एक पळवाट आहे. गरिबी ही येथे स्वभावाचा परिणाम ठरते. रॉयने थोडे आवरते घेतले असते तर तोही सिम्स झाला असता, असे चित्रपट सुचवतो, आणि मग व्यवस्थेला विचारण्यासारखे काही उरत नाही. त्यातल्या त्यात खरा वाटतो तो त्याचा मेक्सिकन वंशाचा कॅडी रोमिओ : तो पिशवी वाहतो, मालकाला तोंडावर मूर्ख म्हणतो, भांडणात त्याच्या काठ्या मोडतो आणि तरी त्याची साथ सोडत नाही. या सगळ्या चित्रपटांत खरोखर बोलण्याचा अधिकार असलेला कॅडी हा एकच.

प्रश्न : वर्गभेदावर विनोद करायला गोल्फच का? टेनिस किंवा पोलोही श्रीमंतांचेच खेळ आहेत. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण नोकर खेळाच्या आतच असतो. पोलोतला मोतद्दार मैदानाबाहेर घोडा धरून उभा राहतो आणि टेनिसमधला चेंडू उचलणारा मुलगा कोणा एका खेळाडूचा नसतो. कॅडी मात्र चार तास एकाच माणसाबरोबर चालतो, त्याच्या चुका पाहतो, त्याला सल्ला देतो आणि तरी त्याच्या बरोबरीचा ठरत नाही. दोन फटक्यांच्या मध्ये चालण्याचा वेळ भरपूर असल्याने संवादाला जागा मिळते, म्हणूनच पैशांचे व्यवहार येथे ठरतात. १९३८ च्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’मध्ये संग्रहालयासाठी दहा लाख डॉलरची देणगी मिळवायला आलेला प्राध्यापक देणगीदाराच्या वकिलाला गाठतो तो गोल्फच्या मैदानावरच. शिवाय अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दोनशे एकर जमीन लागते. एवढी जमीन थोड्या माणसांसाठी राखून ठेवली की तिला कुंपण आले, पोशाखाचा नियम आला, आणि कुंपण व नियम आले की ते मोडणारा विदूषकही आला. ‘थ्री स्टूजेस’ या त्रिकुटाने १९३५ च्या ‘थ्री लिटल बिअर्स’ या लघुपटात बिअरची पिंपे पोचवणारे कामगार म्हणून मैदानात घुसून त्याची जी नासधूस केली, ती पाहिली की पुढच्या साठ वर्षांतील गोल्फपटांचा पाया कधी घातला गेला हे कळते. डीन मार्टिन आणि जेरी लुइस यांचा ‘द कॅडी’ (१९५३) त्याच परंपरेतला; त्यात कोळ्याचा मुलगा खेळाडू होतो आणि व्यावसायिक खेळाडूचा मुलगा गर्दीच्या भीतीने त्याचा कॅडी. ही अदलाबदल मोठी गमतीची होती, पण चित्रपटाने तिचे फारसे काही केले नाही.

प्रश्न : या चित्रपटांत वंशभेदाचा विषय जवळजवळ नाहीच, असे जाणवते. हे मुद्दाम टाळले गेले असेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : टाळला गेला आहे, आणि तो टाळताना चित्रपट कसे अवघडतात हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत सभासदत्व गोऱ्यांपुरते राखणारे कलम होते, ते १९६१ मध्ये निघाले. मास्टर्स स्पर्धेत ली एल्डर हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू उतरले ते १९७५ मध्ये. ती स्पर्धा भरवणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये घेतला आणि पहिल्या महिला सभासद २०१२ मध्ये. त्याच क्लबात १९८२ पर्यंत स्पर्धकांना क्लबाचेच कॅडी घ्यावे लागत, आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत. म्हणजे पिशवी वाहणाऱ्याचा वर्ण आणि पिशवीच्या मालकाचा वर्ण ही वर्गभेदाची शेजारची गोष्ट नव्हती, तोच वर्गभेद होता.

हे ध्यानात ठेवून ‘हॅपी गिलमोर’मधील एक छोटा संवाद ऐकावा. हॅपीचा कृष्णवर्णीय प्रशिक्षक चब्स सांगतो की १९६५ च्या सुमारास आपले नाव गाजत होते, पण पुढे आपल्याला स्पर्धांत खेळू दिले नाही. तुम्ही काळे म्हणून का, असे हॅपी हळहळून विचारतो. छे, मगरीने हात तोडला म्हणून, असे चब्स उत्तरतो. विनोद नेमका आहे, कारण प्रेक्षकाच्या मनात जे उत्तर आलेले असते तेच तो उलटवतो. पण त्या एका हशाने चित्रपट या विषयातून कायमचा मोकळाही होतो. ‘कॅडीशॅक’मध्येही हा क्लब बंदिस्त आहे, तेव्हा ज्यू असल्याचे बोलू नकोस, अशी झेरविकने आपल्या चिनी मित्राला केलेली सूचना जाता जाता येते. प्रत्यक्षात हा बंदिस्तपणा इतका पक्का होता की लॉस एंजेलिसमधील ज्यूंना १९२० मध्ये हिलक्रेस्ट हा स्वतंत्र क्लब काढावा लागला, आणि पुढे हॉलिवूडची निम्मी विनोदी मंडळी तेथेच जेवायला बसू लागली. ‘हूज युअर कॅडी?’ (२००७) या चित्रपटाने एका कृष्णवर्णीय रॅप गायकाला गोऱ्यांच्या क्लबाचे सभासदत्व मागायला लावून विषय थेट हाती घेतला होता, परंतु तो इतका सुमार आहे की विषयाचेही नाव खराब झाले.

प्रश्न : ब्रिटिश चित्रपटांनी हा विषय कसा हाताळला आहे? तेथे वर्गभेद अधिक उघड असतो, असे ऐकले आहे. — एक वाचिका, लंडन

उत्तर : ‘द फँटम ऑफ द ओपन’ (२०२१) पाहावा. माझ्या मते या साऱ्या चित्रपटांत वर्गाविषयी सर्वांत प्रामाणिक हाच आहे, आणि त्याचे कारण साधे आहे : त्याचा नायक खेळात वाईट आहे, आणि अखेरपर्यंत वाईटच राहतो.

गोष्ट खरी आहे. बॅरो-इन-फर्नेस येथील जहाजबांधणीच्या गोदीत क्रेन चालवणारे मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट यांनी १९७६ मध्ये ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीसाठी अर्ज भरला. हौशी खेळाडूला आपल्या दर्जाचा अधिकृत आकडा द्यावा लागे आणि तो क्लबाच्या सभासदत्वाशिवाय मिळत नसे. त्यांच्याकडे तो नव्हता, म्हणून त्यांनी सरळ ‘व्यावसायिक’ या रकान्यात खूण केली. गोल्फ ते ग्रंथालयातल्या पुस्तकावरून आणि समुद्रकिनाऱ्यावर सराव करून शिकले होते. फॉर्मबी येथे त्यांनी अठरा होलसाठी १२१ फटके घेतले, म्हणजे अपेक्षेपेक्षा ४९ अधिक. वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. संयोजक संस्थेने मात्र त्यांच्यावर बंदी घातली आणि प्रवेशाचे नियम कडक केले. पुढे ते खोट्या नावांनी, वेषांतर करून येत राहिले. १९८३ मध्ये तर जेराल्ड हॉपी या नावाने स्विस खेळाडू बनून.

तो रकाना हा या चित्रपटाचा गाभा आहे. हौशी म्हणवून घ्यायला सभासदत्व लागते, सभासदत्वाला ऐपत आणि ओळख लागते. व्यावसायिक म्हणवून घ्यायला मात्र त्या अर्जावर नुसती खूण पुरे होती. ‘हौशी’ हा सद्‌गृहस्थांचा दर्जा आणि ‘व्यावसायिक’ हा पोटार्थी कारागिराचा, ही जी जुनी ब्रिटिश उतरंड होती तिच्यातली फट एका क्रेनचालकाने अजाणता शोधली. संस्थेचा संताप त्यांच्या वाईट खेळावर नव्हता. वाईट खेळणारे सभासद क्लबाक्लबांत असतातच. संताप होता तो दार चुकून उघडे राहिल्याचा.

मार्क रायलन्स यांनी मॉरिस इतक्या निर्मळपणे उभे केले आहेत की प्रेक्षक त्यांना हसतो आणि लगेच ओशाळतो. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा सावत्र मुलगा मायकेल. तो त्याच गोदीत व्यवस्थापनाच्या पायऱ्या चढतो आहे, साहेबांबरोबर ऊठबस करतो आहे, आणि बापाच्या प्रसिद्धीने त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. अमेरिकी चित्रपटांत वर्गाची सीमा क्लबाच्या कुंपणावर असते. येथे ती एका घराच्या जेवणाच्या टेबलावर आहे. शेवटी मॉरिस यांना मान मिळतो तो इंग्लंडमध्ये नव्हे, तर अमेरिकेत मिशिगन राज्यातील ब्लाइथफील्ड क्लबमध्ये. त्या क्लबाने त्यांच्या नावाने स्पर्धा सुरू केली होती आणि १९८८ मध्ये त्यांना पाहुणे म्हणून बोलावले. तो भाग चित्रपटाने जरा जास्तच गोड केला आहे, पण प्रसंगच तसा आहे.

प्रश्न : आपल्याकडच्या ‘फ्रीकी अली’ला या रांगेत कोठे बसवाल? आणि मराठीत असा चित्रपट होऊ शकेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सोहेल खान दिग्दर्शित ‘फ्रीकी अली’ (२०१६) हा ‘हॅपी गिलमोर’चाच मुंबईतला अवतार आहे. आईस हॉकीच्या जागी गल्लीतले क्रिकेट आले, आणि वसुलीचे काम करणारा अली गोल्फच्या मैदानावर येऊन पोचला. नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्या चालण्याबोलण्यातच वस्ती आणि क्लब यांतले अंतर इतके दिसते की पटकथेला फारसे काही करावे लागत नाही, आणि दुर्दैवाने ती करतही नाही. मूळ चित्रपटातला दोष येथेही तसाच उतरला आहे : क्लब ही व्यवस्था राहत नाही, विक्रम राठोड नावाचा एक घमेंडखोर विजेता तेवढा हरवायचा उरतो.

खरे पाहता भारतात या विषयाला अमेरिकेहून सकस जमीन आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबईत लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ मध्ये युरोपीयांबरोबर भारतीयांनाही सभासदत्व देणारा क्लब काढला, ही त्या काळी बातमी ठरावी अशी गोष्ट होती, आणि त्यावरूनच इतर क्लबांची रीत कळते. पुढे साहेब गेले आणि त्यांच्या खुर्च्यांवर आपली मंडळी बसली. पिशव्या वाहणारे मात्र बदलले नाहीत. गंमत अशी, की भारतीय गोल्फचा इतिहास त्याच पिशवीवाल्यांनी बराच घडवला. इंडियन ओपन १९९१ मध्ये जिंकून ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरलेला अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढला. कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. ‘कॅडीशॅक’मधल्या कार्लने फुलांच्या ताटव्यापुढे उभे राहून जे बरळले, ते येथे माळ्याच्या घरात खरे झाले आहे, आणि त्यावर विनोदी चित्रपट काढायला परदेशी कथेची उसनवारी करावी लागणार नाही.

मराठीत होऊ शकेल का? क्लबाच्या खोल्यांतले बोलणे, सभासदाला ‘साहेब’ म्हणताना कॅडीच्या आवाजातली सूक्ष्म चेष्टा, आणि साहेब फटका चुकल्यावर वाऱ्याला दोष देतात तेव्हा पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाने केलेला निर्विकार चेहरा, हे सारे मराठी नटाच्या हातखंड्याचे आहे. ज्याने हे काम केले आहे त्याने पटकथा लिहावी, आणि मोठ्या नटांनी जागच्या जागी विनोद रचून ती त्याच्याकडून हिसकावून घेऊ नये, एवढी खबरदारी घेतली म्हणजे झाले.

प्रश्न : यांपैकी कोणता चित्रपट घरातील मुलांसह पाहता येईल? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : ‘द फँटम ऑफ द ओपन’ निर्धास्तपणे पाहावा. ‘हॅपी गिलमोर’ला अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी इशारा देणारे प्रमाणपत्र आहे; त्यात शिव्या आणि मारामाऱ्या भरपूर आहेत, त्यामुळे वयात आलेल्या मुलांसह चालेल. ‘कॅडीशॅक’ आणि ‘टिन कप’ या दोहोंचे प्रमाणपत्र त्याहून कडक आहे. पहिल्यात नग्नता आणि अमली पदार्थांचे सेवन आहे, दुसऱ्यात भाषा बरीच मोकळी आहे. ते मुले झोपल्यावरच लावावेत.